जुने लाकूड घ्या, पण भिंतींना ठोकू नका

वाचकाचे पत्र :

"आमचे घर बेळगावच्या शहापुरात, गल्लीत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. रुंदी १६ फूट, लांबी ६० च्या वर. पुढे सोपा, मग माजघर, वर माडी. या पुढच्या ३० फुटांवर मंगळूरी कौले आहेत. मागच्या स्वयंपाकघरावर पंचवीसेक वर्षांपूर्वी स्लॅब टाकला, त्याच्या मागे परसू. माडीवर उन्हाळ्यात बसवत नाही म्हणून एसी घेतला आणि आता विजेचे बिल बघवत नाही. मिस्टर म्हणतात, सगळे पाडून स्लॅब टाकूया. मामंजी म्हणतात, मी असेपर्यंत तुळईला हात लावायचा नाही. चंदगडकडच्या आमच्या पाहुण्यांचा जुना वाडा उतरवायचा चाललाय, ते लाकूड स्वस्तात देतो म्हणतात. मी मोबाईलवर जुन्या फळ्यांनी आतून मढवलेल्या घरांचे फोटो बघितले. तशी लाकडी भिंत केली तर घर थंड राहील का? वीज वाचेल का? लाकूड घ्यावे की नको?"

ताई, लाकूड घ्या, पण बघून आणि मोजून. लाकडी भिंत करू नका. आणि घर पाडू तर नकाच. स्लॅब टाकल्यावर एसीचे बिल कमी होईल असा मिस्टरांचा हिशेब असेल, तर ते वाढेल एवढे आधी त्यांना सांगा.

तुम्ही फोटोत बघितलेली घरे बहुतेक थंड मुलुखातली असतात. तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ नये ही काळजी, म्हणून भिंतीला आतून लाकूड आणि त्यामागे लोकरीसारखे काहीतरी भरतात. आपल्याकडे दुखणे वेगळे आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ च्या आसपास जातो, तरी पहाटे तो वीस-एकवीसपर्यंत उतरतो. गरिबांचे महाबळेश्वर म्हणायचे ते काही उगीच नाही. रोज रात्री हा पंधरा अंशांचा गारवा तुमच्या दारात फुकट येतो. तो साठवायचा कशात, तर जाड भिंतीत. तुमच्या घराच्या वयाच्या घरांत भिंती बहुधा तांबड्या दगडाच्या नाहीतर पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन फूट जाडीच्या असतात. रात्री खिडक्या उघड्या राहिल्या की त्या निवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपार टळेपर्यंत खोली गार ठेवतात. त्यांच्यावर फळ्या ठोकल्या की खोलीचा आणि भिंतीचा संबंधच तुटतो. भिंत गार असेल, पण फळीच्या पलीकडे. शिवाय आपला पाऊस. जून ते सप्टेंबर फळीमागची ओल कुठे जाणार? दोन पावसाळ्यांत मागून वाळवी चढेल आणि फळी हाताने दाबली की आत जाईल, तेव्हाच ते कळेल. मढवलेली भिंत फोटोत छान दिसते, शहापुरात टिकत नाही.

मग माडी एवढी तापते कशाने? भिंतींनी नव्हे. तुमच्या दोन्ही लांब भिंती शेजाऱ्यांनी झाकलेल्या, त्यांच्यावर ऊन पडतच नाही. गल्लीतल्या घराचा हा मोठा फायदा, कुणी मोजत नाही. ऊन येते ते फक्त वरून. म्हणून पैसे लावायचे ते छपरात.

इथे लाकडाबद्दलचा एक गैरसमज काढून टाकूया. लाकूड उष्णता अडवते हे खरे. अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने हजारपटीहून जास्त, विटेच्या मानाने चार-पाचपट. पण ते किती जाड आहे त्यावर सगळे ठरते. २० मिलिमीटरची फळी आणि ५० मिलिमीटरचा रॉकवूलचा, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचा, थर यांची तुलना केली तर रॉकवूल फळीच्या जवळजवळ दहापट उष्णता अडवतो. नुसत्या कौलांखाली फळ्या मारल्या तर फरक पडेल, नाही असे नाही, पण एसी बंद करण्याइतका पडणार नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. त्यात छताची मर्यादा दिली आहे : आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. ती संहिता मोठ्या भूखंडांवरच्या बांधकामांसाठी आहे, तुमच्या सोळा फुटी घराला तिची सक्ती नाही, पण आकडा मापाला बरा पडतो. उघड्या कौलांतून चारच्या वर येते. कौले आणि खाली फळी एवढेच केले तर दोनच्या आसपास. मधे एक इंच रॉकवूल घातला तर एकच्या खाली. दोन इंच घातला तर अर्ध्याच्या जवळ. फळीचे काम आधाराचे आणि दिसण्याचे, थंडाव्याचे काम मधल्या थराचे.

म्हणून रचना अशी करा. कौले उतरवायची, वासे तपासायचे. वाशांवर पाणी अडवणारा पण वाफ सोडणारा पडदा अंथरायचा. दुकानदार त्याला अंडरले म्हणतात. साधे प्लॅस्टिक चालणार नाही, खाली घाम धरते. त्यावर आधी वाशाच्या लांबीने एकेक पट्टी, तिच्यावर आडव्या रिपा आणि मग कौले. ही उभी पट्टी गवंडी हमखास वाचवायला बघतो. वाचवू देऊ नका. तिच्यामुळेच माकडांनी फोडलेल्या कौलातून आलेले पाणी पडद्यावरून सरळ वळचणीला जाते, नाहीतर आडव्या रिपेला अडून तिथेच कुजवत बसते. वाशांच्या मधे रॉकवूल, त्याच्या आणि पडद्याच्या मधे किमान इंचभर मोकळी हवा, आणि ही हवा खाली वळचणीला व वर आढ्याशी बाहेर पडेल अशी फट. फटीला तारेची बारीक जाळी, नाहीतर उंदीर आत संसार थाटतील. वाशांच्या खालच्या अंगाला तुमच्या जुन्या लाकडाच्या फळ्या, कड एकमेकींवर बसेल अशी पाताम काढून. जुन्या लोकांनी याला तक्तपोशी म्हटले असते, त्यात नवीन काही नाही. नवा आहे तो फक्त मधला थर. थर्मोकोल मात्र घालू नका, कितीही स्वस्त मिळो. लाकूड आणि विजेच्या तारा जिथे जवळ आहेत तिथे पेटणारी वस्तू कशाला? रॉकवूल जळत नाही. बसवताना तोंडाला फडके आणि पूर्ण बाह्यांचा सदरा, कारण तो अंगाला खाजतो. आणि छत बंद व्हायच्या आत जुनी वायरिंग काढून पाइपातून नवी घ्या, वीज गळती होताच बंद पडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवा. फळ्या एकदा बसल्या की पुन्हा कुणी वर बघत नाही.

लाकूड किती लागेल ते बघू. ३० फूट जागेवर तीस अंशांचा उतार धरला तर छपराची उतारावरची लांबी साडेचौतीस फुटांच्या आसपास येते. गुणिले १६, म्हणजे साधारण ५५० चौरस फूट. २० मिलिमीटरच्या फळीने झाकायला निव्वळ ३६ घनफूट. तुळया चिरून फळ्या काढताना करवतीत, कुजक्या टोकांत आणि जोडांच्या भोकांत तिसरा हिस्सा जातोच असे धरून चाला. म्हणजे छताला पंचावन्न घनफूट आणि खिडक्यांना पाच-सात. साठ-पासष्टच्या वर लाकूड घेऊ नका. पाहुणे "सगळेच न्या हो, तुम्हाला म्हणून" म्हणतील. अख्ख्या वाड्याचे लाकूड घरी आणलेले लोक मी बघितले आहेत. ते परसात पावसात पडते आणि तिसऱ्या वर्षी बंबात जाते.

आता ते घ्यायचे कसे, यात लोक जास्त फसतात. बघायला जाताना बरोबर तुमचा सुतार न्या, पाहुण्यांचा नको. हातोडी, टोच्या, लोहचुंबक आणि टेप एवढे सामान पुरे. हातोडीने ठोकून बघा. भरीव लाकूड खणखणते, आतून खाल्लेले बद्द वाजते. टोच्या मुख्यतः टोकांना मारा. तुळईचे भिंतीत गाडलेले टोक आधी जाते, मधला भाग शंभर वर्षे धड राहतो. टोकाचा फूटभर भाग मापात धरायचा नाही, हे भाव ठरण्याआधी बोलून घ्या. लांबीने गेलेल्या भेगांना भिऊ नका, जुन्या लाकडाला त्या असतातच. आडवी चीर दिसली तर तो नग सोडून द्या. बारीक भोकांतून ताजा पांढरा भुगा गळत असेल तर आत किडा जिवंत आहे. लोहचुंबक खिळ्यांसाठी. चंदगड भागातल्या जुन्या वाड्यांत जोड लाकडी खुंट्यांचे असतात, पण नंतर कुणीकुणी खिळे, कड्या, विजेच्या क्लिपा ठोकलेल्या असतात. वखारवाला एका खिळ्याने पात्याचे दात गेले तर ते तुमच्या बिलात घालतो, आणि तो चुकतो असेही म्हणता येत नाही.

"सगळे सागवान आहे" हे वाक्य जुना वाडा विकणारा प्रत्येक जण म्हणतो. घाटमाथ्यावरच्या घरांत ऐन, किंजळ, जांभा, नाणा, फणस सर्रास वापरलेले असतात. काळवंडलेल्या तुळईकडे बघून ओळखणे अवघड. कोपरा रंध्याने थोडा तासून घ्या : सागवानाचा सोनेरी तपकिरी रंग आणि तेलकट, चामड्यासारखा वास लपत नाही. दुसरी खूण वजनाची. ६ बाय ८ इंची, १२ फुटी तुळई म्हणजे बरोबर ४ घनफूट. सागवानी असेल तर ती ७५ किलोच्या आसपास भरते, ऐनाची असेल तर शंभराच्या घरात जाते. आणि ऐन निघाला म्हणून नाराज होऊ नका. वाशांना, तुळयांना ऐन उत्तम. फक्त सागवानाचा भाव देऊ नका. खिडक्यांना मात्र सागवानच लागते, ते पावसात कमी फुगते आणि उन्हात कमी वाकते. तेवढे पाच-सात घनफूट निवडून वेगळे काढून घ्या.

आणखी एक गोष्ट, पाहुण्यांना कदाचित सुचणार नाही. चंदगड महाराष्ट्रात, आपण कर्नाटकात; मधली शिनोळी ओलांडली की राज्य बदलते. लग्नाची वऱ्हाडे, भाजीचे टेम्पो, शाळेची पोरे रोज इकडून तिकडे जातात, त्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही. लाकडाच्या ट्रकला जाणवते. जुने आहे, घरचे आहे, पाहुण्याचे आहे, असे नाक्यावर सांगून चालत नाही. ट्रक भरण्याच्या आधी पाहुण्यांना तिकडच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जायला सांगा आणि वाहतुकीला काय कागद लागतात ते विचारून घ्या. तुम्ही इकडच्या वन कार्यालयात विचारा. घराचा उतारा, घर उतरवत असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, उतरवण्याआधीचे आणि उतरवतानाचे फोटो, नगांची मापे लिहिलेली विक्रीची पावती, एवढे तरी जवळ हवे. पाहुण्यांशी व्यवहार असला तरी पावती करा. नात्यात पावती मागणे वाईट दिसते, पण ट्रक अडकल्यावर फोनवर होते ते जास्त वाईट.

लाकूड आले की लगेच चिरू नका. सोप्यात किंवा परसातल्या पडवीत, जमिनीपासून वीतभर उंच, दोन नगांमधे पट्ट्या घालून रचा. ओल मोजायचे यंत्र वखारीत असते. पंधरा टक्क्यांच्या खाली आले की काम सुरू करा.

जुन्या तेलरंगापासून मात्र जपा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाखांत नव्वद भाग इतकी खाली आणणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या शेवटी तो लागू झाला. त्याआधीच्या निळ्या-हिरव्या-पिवळ्या तेलरंगांत शिसे भरपूर असू शकते. वाड्याच्या दारा-खिडक्यांवर असे चार-पाच थर असतात. सुताराला मशीनने कोरडे घासू देऊ नका. ती धूळ पोरांच्या पोटात जाते आणि मेंदूवर परिणाम करते. ओले करून पत्र्याने खरवडायचे, खाली प्लॅस्टिक अंथरायचे, पोरांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत घरात ठेवायचे नाही, खरवडलेले चुलीत किंवा बंबात घालायचे नाही. रंग लागलेले नग सोडून निव्वळ तुळया आणि वासेच घेतले तर ही कटकटच वाचते. मी तेच सुचवेन.

किडीसाठी आतल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड. १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून ब्रशने दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळू देऊन. कापलेल्या टोकांना जास्त. हे औषध पाण्याने धुऊन जाते, म्हणून वळचणीच्या बाहेरच्या लाकडाला उपयोग नाही. तिथे आपल्या भागात काजूच्या टरफलांचे तेल लावत आले आहेत. हातमोजे घालून लावायचे, कातडी भाजते. गाड्यांचे जळके ऑइल फासायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. राहत्या माडीत नको, वास वर्षभर जात नाही आणि आग लागली तर ते तेलच असते. पूर्वी चुलीचा धूर सगळ्या वाशांना लागायचा, त्यानेच किडा राहत नसे. गॅस आल्यापासून ते संरक्षण गेले, म्हणून ज्या तुळया सत्तर वर्षे टिकल्या त्या गेल्या वीस वर्षांत भुगा गाळायला लागल्या.

छप्पर झाले की खिडक्या. जुने सागवान इथेच लावावे असे मला वाटते. रात्रीचा गारवा आत घ्यायचा तर खिडकी रात्रभर उघडी हवी, आणि गल्लीतल्या घरात ते जमत नाही : चोर, मांजर, डास, झड. म्हणून लोक खिडकी लावून एसी चालवतात. यावर जुना उपाय आहे, आडव्या तिरप्या पट्ट्यांच्या झडपा. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या खिडक्या आठवा. बाहेरून झडप, मधे गज, आतून डासांची जाळी आणि दार. झडप लावलेली असली तरी वारा येतो, ऊन आणि पाऊस येत नाही. माडीच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही भिंतींत अशा खिडक्या हव्यात, एकाच बाजूला असतील तर वारा शिरायला वाट असते पण निघायला नसते. सकाळी आठ-नऊला आतली दारे बंद करायची, संध्याकाळी ऊन उतरल्यावर उघडायची. हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तरच छपराचा खर्च वसूल होतो. झडपा पावसाळ्यात फुगणार हे धरून प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर सैल ठेवा. मार्चमध्ये सुताराने घट्ट बसवून दिलेली खिडकी जुलैत उघडत नाही आणि मग तिला कायमचा खिळा बसतो.

माजघराचे काय? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही, पण साठ फूट लांब घरात ते अंधारेच असणार. छपरात एक, फार तर दोन काचेची कौले बसवा, चार नकोत, काचेतून ऊनही येते. काचेखाली छतात तेवढी चौकट उघडी ठेवायला सुताराला आधीच सांगा. आणि वर जुने धुराडे असेल, गॅस आल्यावर पत्रा मारून बंद केलेले, तर ते जाळी आणि टोपी घालून उघडा. गरम हवा वर जाते, तिला वाट दिली की ती खालची गार हवा ओढून घेते. दिवसा दिवा लावायचा वाचला तेही थोडे नाही.

मागच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबला लाकूड नको, काही नको. पावसाळा संपला की दरवर्षी पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या, डिंक घालून. ऊन परत फेकले जाते. मिस्टरांना एकदा दुपारी चुना न लावलेल्या स्लॅबवर अनवाणी चालायला सांगा आणि मग विचारा, पूर्ण घरावर हा हवा का. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री नऊ-दहाला, ऐन अंथरूण घालायच्या वेळी, ती उष्णता खाली सोडतो.

स्लॅबबद्दल आणखी बोलायचे तर वजन बघा. पाच इंची स्लॅब एका चौरस मीटरला ३०० किलोच्या वर भरतो. कौलारू छप्पर लाकडासकट त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. जुन्या भिंती ते वजन पेलणार नाहीत, म्हणजे सिमेंटचे खांब, म्हणजे सामाईक भिंतीच्या पायाशी खोदाई. दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतींना तडे गेले की खर्च आणि भांडण दोन्ही तुमच्याच दारात. शिवाय पाडून बांधायचे म्हटले की महानगरपालिकेकडून नवीन नकाशा मंजूर करून घेणे आले, आणि त्यात मोकळी जागा सोडायचा प्रश्न आला. सोळा फुटांतून काय सोडणार?

विजेचा हिशेब मिस्टरांसमोर कागदावर मांडा. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला सव्वा युनिटाच्या आसपास खातो. रात्रीचे सहा तास, मधे मधे तो थांबतो ते वजा केले तरी महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट होतात. फ्रिज, मिक्सर, मोटार, टीव्ही धरून बाकी घराचे शंभर. तुमचे घर गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत घरगुती विजेच्या योजनेत, असेल तर २०० युनिटांची रेघ महत्त्वाची आहे. तुमच्या २०२२-२३ च्या सरासरीवर दहा टक्के जादा एवढी सूट, त्याच्या वर पण २०० च्या आत राहिलात तर फक्त जादा युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की सगळेच बिल तुमचे. एप्रिल-मे मध्ये तुमचा एसी तुम्हाला त्या रेघेपलीकडे नेतो, आणि म्हणून बिल एकदम फुगलेले दिसते. छप्पर आणि झडपा झाल्यावर एसी पूर्ण सुटेल असे मी म्हणत नाही. वळीव यायच्या आधीचे आठ-दहा दिवस तो लागेल. बाकी दिवस पंखा पुरेल, आणि पंखाही ७५ वॅटचा जुना काढून ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, बसवा. ज्या खोलीत एसी ठेवाल तेवढ्या एका खोलीच्या दारा-खिडक्यांच्या फटींना रबराची पट्टी मारा, नाहीतर फटींतून सगळी थंड हवा गल्लीत जाईल.

मामंजींची तुळई. त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण पूर्ण नाही. तुळई काढायची नाही, तपासायची मात्र आहे. भिंतीतल्या दोन्ही टोकांजवळचा गिलावा काढून टोच्या मारून बघा. टोक कुजले असेल तर तेवढे कापून ऐनाचा तुकडा जोडता येतो, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट घालून. टोकाखाली दगड, आणि टोकाभोवती बोटभर मोकळी जागा, म्हणजे ओल आली तरी सुकते. पुन्हा सिमेंटने बुजवून टाकू नका. एकूणच त्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नका, चुन्याचा द्या. सिमेंट भिंतीतली ओल कोंडून ठेवते आणि ती शेवटी लाकडाच्या टोकातच येते. हे काम एकट्या गवंड्यावर सोडू नका, बांधकामातला इंजिनिअर एकदा आणून भार कुठून कुठे जातो ते बघून घ्या. मामंजींना त्या वेळी तिथे बसवा. त्यांना विरोध तुळई बदलायला असेल, तिच्या दुरुस्तीला बहुधा नसेल.

वेळ : दिवाळी झाली की कौले उतरवायला सुरुवात, मार्चअखेर छप्पर बंद. एप्रिलच्या मध्यानंतर छप्पर उघडे नको, आपल्याकडे वळीव सांगून येत नाही. कौले उतरवताना धड निघतील ती वेगळी रचा, त्यांच्या पाठीवरचा छाप बघून. वेगवेगळ्या कारखान्यांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास लागतात. कमी पडतील तेवढी त्याच मापाची खानापूरकडे किंवा जुन्या सामानाच्या गोडाऊनमध्ये शोधा. सामाईक भिंतीच्या माथ्यावर तुमची आणि शेजाऱ्यांची कौले जिथे मिळतात तिथली पन्हळ दोघांची असते, तेव्हा ती उघडण्याआधी दोन्ही घरांना सांगा, लिहून सही घ्या, आणि जमले तर पन्हळीचा नवा पत्रा तिघांनी मिळून एकाच गवंड्याकडून बसवून घ्या.